डोंगरातली बेटं : निघायचं कधी आणि जायचं कुठे?

गुंजवण्याला त्सुनामी येणार नाही. राजगडाच्या पायथ्याचं हे गाव आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सह्याद्रीची अख्खी भिंत उभी आहे. मग छोट्या बेटांवरची माणसं त्सुनामीतून कशी वाचवायची, यावर जगभरात जो अभ्यास झाला, त्याच्याशी वेल्हे-भोरकडच्या वाड्यावस्त्यांचा काय संबंध?

बराच आहे. बेटावर राहणाऱ्यांची अडचण नेमकी काय असते ते पाहा. वस्ती लहान असते. बाहेर पडायची वाट एकच असते आणि नेमकी संकटात तीच बंद होते. बाहेरची मदत पहिल्या काही तासांत पोहोचत नाही. दवाखाना लांब असतो. फोनची रेंज जाते. आता जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली, चार दिवस संततधार लागलेली एखादी डोंगरवस्ती डोळ्यांपुढे आणा. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला आहे, घाटात दरड आल्यामुळे एसटी बंद आहे, वीज कालपासून नाही. समुद्र सोडला तर बेटाचं बाकी सगळं इथे आहे.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळमधल्या वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. चूरलमलाचा पूल वाहून गेला आणि पलीकडचं मुंडक्कई गाव अक्षरशः बेट झालं. लष्कराने १९० फुटांचा बेली पूल उभारला तेव्हा कुठे अवजड यंत्रं पलीकडे गेली. ते काम करून घेणाऱ्या मेजर सीता शेळके आपल्या नगर जिल्ह्यातल्या, त्यामुळे ही बातमी मराठी घरांत अभिमानाने वाचली गेली. पण पूल होईपर्यंत गेलेले दिवस कोणत्याही अभिमानाने परत येत नाहीत. पहिल्या तासात वाचतात ते शेजाऱ्याने हाक मारली म्हणून, किंवा आधीच निघाले म्हणून.

सात माणसं

त्सुनामीच्या अभ्यासात सिमेउलुए या बेटाचं नाव वारंवार येतं. इंडोनेशियातलं हे बेट २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. पहिली लाट किनाऱ्यावर यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बेटावर सुमारे ७८ हजार लोक होते. मृत्यू झाले सात. त्याच दिवशी समोरच्या आचे प्रांतात दीड लाखाहून अधिक माणसं गेली.

सिमेउलुएवर भोंगा नव्हता, उपग्रहाचा इशारा नव्हता. होता एक शब्द : ‘स्मोंग’. १९०७ मध्ये तिथे मोठी लाट आली होती आणि तिची आठवण आज्यांनी गाण्यांतून, गोष्टींतून नातवंडांपर्यंत पोहोचवली होती. जमीन जोरात हलली, पाणी मागे हटलं, की काही विचारत बसायचं नाही, डोंगर गाठायचा. सत्त्याण्णव वर्षांनी कुणीतरी ‘स्मोंग!’ म्हणून ओरडलं आणि गावंच्या गावं चढावर गेली.

याच्या उलट उदाहरण जपानचं. ११ मार्च २०११ ला ओकावा प्राथमिक शाळेतल्या १०८ पैकी ७४ मुलांचा बळी गेला. शाळेच्या मागे टेकडी होती. भूकंपानंतर सुमारे पन्नास मिनिटं हाताशी होती. त्यातला बहुतेक वेळ कुठे जायचं याची चर्चा करत शाळेच्या अंगणातच गेला. यंत्रणेत जपानच्या पुढे कोण आहे? पण जागा आधी ठरलेली नसेल तर पन्नास मिनिटंही अपुरी पडतात, आणि ठरलेली असेल तर दहा पुरतात.

आपल्याकडे हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ या संस्थेत २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे. आपल्या किनाऱ्यालाही ही भीती अगदी अनोळखी नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्याच्या लाटांनी मुंबईतही माणसं वाहून नेली. मात्र या सगळ्या यंत्रणेतून मिळालेली सर्वांत उपयोगी गोष्ट एक हिशेब आहे, आणि तो समुद्राला बांधलेला नाही.

तीन घड्याळं

हिशेब असा : धोका कळल्यापासून तो दारात येईपर्यंतचा वेळ एका बाजूला. कळायला, ठरवायला, आवरायला आणि चालायला लागणारा वेळ दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू पहिलीपेक्षा लहान असली पाहिजे. बस्स.

पण वेल्हे-भोरच्या खोऱ्यांत हे घड्याळ दोन वेगवेगळ्या प्रकारे चालतं, आणि घोळ तिथेच होतो.

पहिला धोका धरणाच्या पाण्याचा. पानशेत याच तालुक्यातलं. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे.) आंबी नदीवरचं हे मातीचं धरण पुरतं बांधून होण्याआधीच भरलं. ११ जुलै १९६१ च्या रात्री लष्कराचे जवान वाळूच्या गोण्या रचत होते. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं, पुढे त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुणं बुडालं. बळींच्या आकड्यावर आजही एकमत नाही. पानशेतची गोष्ट आपण नेहमी पुण्याच्या बाजूने सांगतो : लकडी पूल, पेठा, वाहून गेलेले वाडे. पुण्याला निदान काही तास मिळाले होते, भले ते सगळ्यांपर्यंत पोहोचले नसतील. धरणाच्या पायथ्याच्या गावांचं घड्याळ मात्र तासांचं नसतं, मिनिटांचं असतं. अरुंद दरीतून अशी लाट ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेगाने सहज जाऊ शकते. म्हणजे पाच किलोमीटरवरच्या गावाकडे साधारण पाव तास.

आज या भागात गुंजवणी धरणही आहे. नाव गुंजवणीचं असलं तरी भिंत धानेपजवळ कानंदी नदीवर आहे. गुंजवणे गाव तिच्या खालच्या बाजूला नाही. धरण धोक्यात आहे असं इथे मुळीच सुचवायचं नाही. सुस्थितीतल्या धरणासाठीही आराखडा लागतो, जसा चांगल्या ड्रायव्हरलाही सीटबेल्ट लागतो. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने प्रत्येक मोठ्या धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांच्या आत करणं बंधनकारक केलं आहे. पाणी कुठवर आणि किती वेळात पोहोचेल याचे नकाशे त्यात अपेक्षित आहेत. तो नकाशा कार्यालयातल्या कपाटात असून भागत नाही. खालच्या गावातल्या शाळेच्या भिंतीवर, मारुतीच्या देवळावर, विजेच्या खांबावर ‘पाणी इथवर’ अशी रेघ दिसली पाहिजे. त्सुनामीच्या किनाऱ्यांवर असे फलक सर्रास असतात.

दुसरा धोका दरडीचा, आणि गुंजवण्यासारख्या डोंगराला टेकलेल्या गावांसाठी तो जवळचा. इथे घड्याळ उलटं चालतं. दरड सुटल्यावर वेळ जवळजवळ शून्य असतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण काही क्षणांत गाडलं गेलं, १५१ माणसांसह. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या जागी गावच दिसेना. महाडजवळच्या तळियेत २२ जुलै २०२१ ला ऐंशीहून अधिक गेले. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री, लोक झोपेत असताना गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत.

म्हणून त्सुनामीचं ‘हादरा बसला की पळा’ हे सूत्र दरडीला जसंच्या तसं लावता येत नाही. पळायचं दरड सुटण्याआधी. तिच्याकडे मिनिटं नसतात, पण बहुधा काही तास, कधी काही दिवस असतात. ते वाचता आले पाहिजेत.

तिसरं घड्याळ या दोघांच्या मिश्रणाचं आहे. ते दुर्मीळ आहे, पण माहीत असावं. ९ ऑक्टोबर १९६३ ला इटलीत वायोंत धरणाच्या जलाशयात अख्खा डोंगरउतार घसरला. धरणाची भिंत टिकली. उसळलेलं पाणी तिच्या वरून गेलं आणि खालच्या लाँगारोने गावासह सुमारे दोन हजार माणसं गेली. डोंगरातली त्सुनामी म्हणायची तर ही. जलाशयाकडे उतरणाऱ्या डोंगरउतारांवर लक्ष का ठेवायचं, याचं उत्तर या एका रात्रीत आहे.

वर, की बाजूला?

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आणि माझ्या मते गावपातळीवरच्या आराखड्यांत तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. पाण्याची लाट येणार असेल तर वर चढायचं. दरडीची भीती असेल तर वर चढायचं नाही, खाली ओढ्यातही उतरायचं नाही, बाजूला सरकायचं. चिखल-दगडांचा लोंढा पाण्याच्याच वाटेने येतो, घळीतून, ओढ्याच्या पात्रातून. घळीच्या तोंडाशी पसरलेली सपाट जागा दिसायला छान, घर बांधायला सोयीची. पण ती सपाट का झाली? पूर्वी कधीतरी लोंढे येऊन तिथेच थांबले म्हणून. त्यामानाने डोंगराच्या दोन घळींमधली पुढे आलेली सोंड बरी.

नदी खाली आणि कडा डोक्यावर अशा गावात एकच भोंगा, एकच शिट्टी दोन्हींसाठी वापरली तर निम्मे लोक चुकीच्या दिशेने धावतील. त्यामुळे इशारे दोन हवेत आणि जागाही दोन. देवळाची घंटा पाण्यासाठी, शाळेची थाळी दरडीसाठी, असं काहीही चालेल. गावाने मिळून ठरवलेलं असलं आणि पोराटोरांना पाठ असलं म्हणजे झालं. दोन्ही धोक्यांत चालेल अशी एखादी जागा सापडली तर सोन्याहून पिवळं. पण ती नुसत्या नजरेने ठरवू नये. भूवैज्ञानिकाने एकदा पाहिलेली असावी. पुष्कळ गावांत निवारा म्हणून शाळा नेमलेली असते आणि शाळा ओढ्याच्या काठी असते.

माळीणनंतर पुणे जिल्ह्यातली २३ गावं दरडप्रवण म्हणून निश्चित झाली. भोरमधल्या कोंढरी, धानवलीसारख्या वस्त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतर सतत चर्चेत राहिला. यादी हवीच. पण इर्शाळवाडी धोकादायक ठिकाणांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं होतं. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असं गावाने समजू नये.

डोंगर हलण्याआधी काय दिसतं? घरामागच्या जमिनीला नवी भेग, आणि पावसागणिक ती रुंदावते. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, किंवा नसलेल्या जागी झरा फुटतो. भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी होतं : हे सर्वांत वाईट, कारण वर कुठेतरी ते अडलेलं असतं. झाडं आणि खांब कलतात, दारं-खिडक्या चौकटीत अडकू लागतात, भाताच्या खाचराचा बांध खचतो. कुठून तरी घरघर ऐकू येते. यातलं एकही लक्षण दिसलं की त्या घरांनी त्याच दिवशी, उजेड असेपर्यंत हलायचं.

लक्षणं दिसलीच नाहीत तर? मग पाऊस मोजायचा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढे ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो, आणि घाटमाथ्यावर एका डोंगराआड पाऊस दुप्पट होतो. पण सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवला आणि आत पट्टी बुडवली की काम झालं : दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस. शाळेतल्या मुलांना हे काम द्यावं. ती मोठ्यांपेक्षा नेमाने करतात. किती पावसाला कोणत्या घरांनी हलायचं तो आकडा भूवैज्ञानिकांच्या सल्ल्याने आधी ठरवावा, म्हणजे रात्री दोन वाजता सरपंच आणि पोलीस पाटील यांना वाद घालावा लागत नाही.

आजीची चाल

आराखडे बहुतेक वेळा धडधाकट माणूस गृहीत धरून केले जातात. गिर्यारोहकांचा एक जुना ठोकताळा आहे : सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवायचा. त्या हिशेबाने ६०० मीटर अंतर आणि ४० मीटर चढ धडधाकट माणूस अकरा-बारा मिनिटांत पार करतो. आता तेच अंतर गुडघे दुखणाऱ्या आजीला, आठव्या महिन्यातल्या बाईला, कडेवर पोर घेतलेल्या आईला, अंधारात, चिखलात, पावसात चालायला लावा. दुप्पट वेळ धरला तरी कमीच. त्यात उठून आवरायची दहा मिनिटं मिळवा. हे झालं अर्धा तासाचं गणित, आणि घड्याळात पाव तासच आहे. म्हणजे त्या आजीसाठी वेगळी व्यवस्था हवी : पावसाचा आकडा गाठला की तिने आधीच हलायचं, किंवा तिला उचलणाऱ्या चौघांची नावं आणि डोली पावसाळ्याआधी ठरलेली असायची.

२००४ च्या त्सुनामीनंतर ‘ऑक्सफॅम’ने केलेल्या पाहणीत अनेक गावांत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्याचं दिसलं. मुलांना शोधायला, म्हाताऱ्यांना घ्यायला त्या मागे थांबल्या होत्या. आपल्याकडे यात जनावरं जोडा. गाय-म्हैस सोडून कुणी हलत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे; तीच तर घराची ठेव. उपाय साधा आहे : धोक्याच्या रात्री जनावरं बांधायची नाहीत, आणि निघताना फक्त दावं सोडायचं. ती आपली वाट आपल्यापेक्षा आधी काढतात.

आशाताईंच्या वहीत गावातल्या गरोदर बायका, रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे रुग्ण असतातच. त्याच वहीतून ‘आधी हलवायची माणसं’ ही यादी निघते. अशा प्रत्येक घरात आठवड्याच्या गोळ्या, चष्मा, काठी, विजेरी आणि कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराशी लटकलेली असावीत. निवाऱ्यात पाणी उकळून किंवा क्लोरिन घालून, आणि बायकांसाठी स्वतंत्र संडास. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल. पण त्याच कारणासाठी बायका निवाऱ्यात जायचं टाळतात किंवा रात्री परत येतात. चिखलात काम केल्यावर आलेला ताप अंगावर काढू नये. तो लेप्टोचा असू शकतो आणि वेळेत औषध मिळालं तर बरा होतो.

मदतीला येणाऱ्यांच्याही प्रकृतीचा विचार हवा. इर्शाळवाडीला रस्ता नव्हता. भर पावसात चढून जाताना नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका जवानाचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

निरोप पोहोचवायचं काम आता पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. ग्रामसुरक्षा यंत्रणेत गावातल्या एकाने फोन केला की त्याचा आवाज नोंदवलेल्या सगळ्या फोनवर जातो. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले होते, ती सरकारी इशाऱ्याचीच चाचणी होती. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आहे, ११२ आहे, रुग्णवाहिकेचा १०८ आहे. मात्र टॉवरची बॅटरी संपली की हे सगळं गप्प होतं. तेव्हा घंटा, थाळी, शिट्टी आणि दारोदार जाणारी दोन पोरं हा दुसरा मार्ग कधीच रद्द करू नये.

लावणीच्या दिवसांत

एवढं सांगूनही लोक निघत नाहीत, अशी अधिकाऱ्यांची तक्रार असते. ती खरी आहे, आणि लोकांचंही खरं आहे. दरडीचा महिना तोच भाताच्या लावणीचा महिना. तीन वेळा निवाऱ्यात जाऊन आलो, काही झालं नाही, लावणी मात्र मागे पडली. चौथ्यांदा कोण जाईल? जपानी किनाऱ्यावरही हाच अनुभव आहे. यावर दरडावणं हा उपाय नव्हे. सगळं गाव दिवसभर हलवण्याऐवजी धोक्याच्या घरांनी फक्त रात्रीपुरतं हलायचं, दिवसा शेतावर यायचं, असा मधला मार्ग निघतो. काही न घडता गेलेल्या रात्रीही वाया गेल्या असं धरू नये. त्या सरावाच्या रात्री झाल्या. इर्शाळवाडीत त्या रात्री शाळेत झोपलेली काही मुलं वाचली, ती कुठल्याही आराखड्यामुळे नव्हे.

गुंजवण्यासारख्या गावाचा आणखी एक प्रश्न आहे, तो म्हणजे पाहुणे. चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर जाणारी वाट इथूनच चढते, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गडाकडे येणाऱ्यांच्या गाड्या अरुंद रस्त्याच्या कडेला लागतात. गावातून निघायचा आणि रुग्णवाहिका यायचा रस्ता तोच. पाहुण्याला थाळी कशाची वाजली ते माहीत नसतं. वाहनतळाच्या पावतीमागे चार ओळी छापल्या आणि गाड्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला लावायचा नियम केला, तरी बरंच होईल. लाल इशारा असलेल्या दिवशी वाहनतळ बंदच ठेवावा. गावाचं त्या दिवसाचं उत्पन्न बुडेल, त्याची भरपाई कशी करायची हेही आराखड्यात लिहावं, नाहीतर तो नियम कुणी पाळणार नाही.

सरावाची वेळ जूनचा पहिला आठवडा. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या किंवा होणार असतात, लावणी अजून लांब असते. एकदा दिवसा, एकदा रात्री दिवे घालवून. प्रत्येक घरातून ठरल्या जागी पोहोचायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून मोजावं, आणि सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्या घराचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तो दोन मिनिटांनी कमी करायचा.